वृद्धनिवासातील सहजीवन



आजच्या व्याख्यानासाठी 'वृद्धाश्रम : एक सामाजिक समस्या' असा विषय मला प्रथम सुचविण्यात आला होता. मी तो बदलून घेतला. समस्या म्हटली की एकत्र कुटुंब का मोडले, मुले परदेशी का गेली, दोष सुनेचा की सासूचा, यांतच तास सरतो. आणि जी माणसे त्या इमारतीत आज राहत आहेत, त्यांचा सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंतचा दिवस कसा जातो, हे विचारायचे राहूनच जाते. मला त्या दिवसाविषयी बोलायचे आहे.

आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या २०११ च्या जनगणनेतच दहा कोटींच्या वर गेली होती. मातापिता आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीचा कायदा २००७ साली झाला. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धगृह असावे, आणि त्यात आरंभी किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय व्हावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे राज्य सरकारांना तसे 'करता येईल' असे म्हटले आहे, आणि 'करता येईल' या शब्दांचा सरकारी अर्थ आपण सारे जाणतो. दुसरीकडे, ज्यांच्या गाठीला पैसा आहे त्यांच्यासाठी लिफ्ट, बाग आणि दवाखाना असलेली टुमदार संकुले शहरांबाहेर उभी राहिली आहेत. एका ठिकाणी पंखा नीट फिरत नाही, दुसऱ्या ठिकाणी खोलीखोलीत वातानुकूलन आहे. तरीही दोन्हीकडे मी एक दृश्य सारखेच पाहिले आहे : जेवणाच्या घंटेच्या अर्धा तास आधीपासून लोक भोजनगृहात येऊन बसलेले असतात. त्यांना भूक लागलेली नसते. दिवसात घडणारी तेवढी एकच गोष्ट असते.

'आश्रम' हा शब्द आपण कोठून उचलला ते पाहा. जुन्या आश्रमात रिकामे कोणीच नसे. समिधा आणायच्या, गाई राखायच्या, आल्यागेल्याचे आतिथ्य करायचे, शिष्यांना शिकवायचे. खुद्द या शब्दाच्या मुळाशी 'श्रम' आहे. आणि आपल्या वृद्धाश्रमाची मोठी प्रशंसा कोणती? 'तिथे आईला काडीदेखील हलवावी लागत नाही!' ज्या बाईने पन्नास वर्षे घर चालविले, तिच्या हातून सगळ्याच काड्या काढून घेतल्या म्हणजे तिला सुख होईल, हे कोणी ठरविले?

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना व्यवस्थापकांनी सांगितले की, तुमची खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुम्हीच ठरवा. हे एक रोपटे घ्या आणि त्याची निगा राखा. चित्रपट दोन दिवस दाखविणार आहोत, कधी पाहायचा ते तुम्ही निवडा. दुसऱ्या मजल्यावरच्यांना तितक्याच गोड शब्दांत सांगितले की, तुमच्या सुखाची जबाबदारी आमची. त्यांनाही रोपटे दिले. मात्र पाणी परिचारिका घालणार होत्या, आणि चित्रपटाचा दिवस त्यांना नेमून दिला होता. तीन आठवड्यांनी पाहिले, तर पहिल्या गटातील बहुतेकांची प्रकृती आणि उत्साह सुधारलेला, आणि दुसऱ्या गटातील बहुतेकांचा खालावलेला. दीड वर्षाने पुन्हा नोंद घेतली. पहिल्या गटातील ४७ पैकी ७ माणसे वारली होती; दुसऱ्या गटातील ४४ पैकी १३.

मृत्यूच्या या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. त्यांच्या गणितात चूक राहिली होती, आणि ती त्या विदुषींनीच पुढे प्रसिद्ध केली. शे-सव्वाशेसुद्धा नसलेल्या माणसांवरून आयुर्मर्यादेचा सिद्धांत काढता येत नाही. पण जिवंत माणसांत जो फरक पडला, तो तर होताच. आणि तो कशाने पडला? औषधाने नाही, खर्चानेही नाही. एका बाजूला 'तुम्ही ठरवा' हे शब्द होते आणि दुसऱ्या बाजूला 'आम्ही पाहू' हे शब्द होते.

हे व्यवस्थापकांपुढे मांडले की उत्तर ठरलेले असते : 'पडल्या तर जबाबदार कोण?' ही भीती खोटी नाही. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणे ही जिवावरची गोष्ट आहे. म्हणून न्हाणीघरात पकडायला दांडा हवा, फरशी निसरडी नको, रात्री वाटेवर दिवा हवा. यावर कोणाचेच दुमत नाही. पण दिवसभर खुर्चीत बसविलेला माणूस सुरक्षित असतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. बोस्टनमध्ये सरासरी नव्वदीच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम, देखरेखीखाली आणि वाढत्या प्रमाणात, देण्यात आला. नऊ जणांनी तो पुरा केला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. व्यायाम थांबविल्यावर चारच आठवड्यांत ती पुष्कळशी उतरली, हेही त्यात नोंदले आहे. म्हणजे नव्वदीतही स्नायू ऐकतो. फक्त त्याला रोज हाक मारावी लागते. पडण्याच्या भीतीने ज्याला बसवून ठेवले, त्याचे पाय त्या बसण्यानेच लुळे होत जातात, आणि मग तो खरोखरच पडतो.

माझ्या माहितीच्या एका निवासात दोन आजी स्वयंपाकघराशी जाऊन मेथी निवडायला मागत. व्यवस्थापकांनी नियमावर बोट ठेवले. 'उद्या यांचा मुलगा म्हणेल, महिन्याचे पैसे घेता आणि वर आईला राबवता!' हा युक्तिवाद मला सर्वस्वी हास्यास्पद वाटत नाही. फुकट हात मिळाले की एखादी पगारी बाई कमी करावी, असे मनात येणाऱ्या संस्थाही असतात. म्हणून काम मागणाऱ्यालाच द्यावे, आणि नको म्हणणाऱ्याचे 'नको' तितक्याच मानाने घ्यावे. त्या निवासात पुष्कळ खल होऊन अखेर व्हरांड्यात एक टेबल मांडले गेले : चुलीपासून दूर, सुरी नाही, फक्त निवडणे आणि सोलणे. पंधरा दिवसांत तिथे सहा-सातजणी बसू लागल्या, आणि लसूण सोलायला एक निवृत्त इंजिनियरही. भाजीत मीठ जास्त पडते अशी तक्रार पूर्वी प्रत्येक जण आपल्या मुलाला फोनवर सांगत असे. आता ती थेट आचाऱ्याला सांगितली जाते. आचारी वैतागला आहे, पण मीठ कमी झाले आहे.

भांडणे वाढली असेही व्यवस्थापक सांगतात. वाढू द्यावीत. पंख्यावरून आणि दूरदर्शनच्या आवाजावरून जिथे कोणीच भांडत नाही, तिथल्या लोकांनी आशा सोडलेली असते.

मात्र सहजीवन म्हणजे सक्तीचे भजन नव्हे. सकाळी हास्यक्लब, दुपारी हस्तकला, संध्याकाळी गाण्याच्या भेंड्या, अशी पाटी लावून लोकांना हाकीत नेणारी संकुलेही मी पाहिली आहेत. ज्याला दार लावून पुस्तक वाचायचे आहे, त्याला ते लावता आले पाहिजे. चारचौघांत बसण्याची गोडी, उठून जाण्याची मुभा असली तरच टिकते.

आणि चौघे साऱ्याच वयाचे असावेत. आपण पंधरा ऑगस्टला शाळेची मुले नेतो. ती फळे वाटतात, गाणे म्हणतात, छायाचित्र निघते आणि गाडी परत जाते. हॉलंडमधील डेव्हेंटर गावच्या एका वृद्धनिवासात महाविद्यालयीन विद्यार्थी वृद्धांच्या शेजारीच बिनभाड्याने राहतात. मोबदल्यात महिन्याला तीस तास त्यांनी चांगला शेजारी म्हणून वागायचे, एवढीच अट. आपल्या शहरांत दर वर्षी खोल्या शोधीत वणवण हिंडणारी मुले आहेत, आणि रिकाम्या खोल्या असलेली वृद्धनिवासेही आहेत. या दोहोंची गाठ घालून पाहण्यास कोणत्या कायद्याची आडकाठी आहे?

ज्यांची स्मृती गेली, जे अंथरुणाला खिळले, त्यांचे काय, असे आपण विचाराल. त्यांना रोपटे सांभाळता येणार नाही. पण आज हिरवे लुगडे की निळे, चहा आधी की अंघोळ आधी, एवढे तर त्यांना विचारता येते. उत्तर यायला वेळ लागतो. तो वेळ परिचारिकेजवळ असत नाही, कारण पुष्कळ खाटांमागे एकच परिचारिका असते. इथे मात्र प्रश्न पैशाचा आहे, आणि तो गोड शब्दांनी सुटणार नाही. माणसे वाढवावी लागतील, त्यांना पुरेसा पगार द्यावा लागेल.

आपल्यापैकी पुष्कळांवर आईवडिलांसाठी किंवा स्वतःसाठी अशी जागा पाहण्याची वेळ येईल. तेव्हा बाग आणि फरशी दाखवतील, ती पाहावी. मग रहिवाशांची समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, आणि तिच्या सांगण्यावरून कोणती गोष्ट बदलली, हे कार्यालयात न विचारता बाकावर बसलेल्या एखाद्या आजोबांना विचारावे. जेवणाच्या वेळा कोणी ठरविल्या ते विचारावे. रात्री आठनंतर फाटकाबाहेर जाता येते का, पाहुणा मुक्कामाला राहू शकतो का, आणि खोलीची किल्ली कोणाजवळ असते, हेही विचारावे.