गिऱ्हाईक टिकवायचं, पण कोणाच्या जिवावर?

(बचत गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला दिलेला विषय आहे 'उद्योगातील यश, नेतृत्व आणि ग्राहकसंबंध'. विषय भारदस्त आहे. मी गेली अनेक वर्षं अकरा जणींच्या पोळी-भाजी केंद्रात काम करते, त्यामुळे तो मला पोळपाट-लाटण्याच्या भाषेतच मांडता येईल.

गिऱ्हाईक म्हणजे देव, हे प्रत्येक प्रशिक्षणात ऐकवतात. गोड बोला, नाही म्हणू नका. बायकांना हे मुद्दाम कशाला शिकवायला हवं? 'नाही' न म्हणण्याचं शिक्षण आपल्याला पाळण्यात असल्यापासून मिळालेलं असतं. म्हणून मी दुसराच प्रश्न विचारते. गिऱ्हाईक खूश राहतं, तेव्हा त्याची किंमत कोण मोजतं?

मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या आठवा. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार दोन वेळा जेवायचा आणि पगार झाल्यावर महिन्याचे पैसे द्यायचा. गिऱ्हाईक हक्काचं, अगदी घरच्यासारखं. पण महिनाभर त्याला जेवू घालायला तांदूळ, तेल, रॉकेल कुठून यायचं? वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या कर्जावर. म्हणजे कामगाराची उधारी ही बाई पोसत होती आणि तिचं व्याजही हीच भरत होती. स्वतःच्या मजुरीचा तर हिशोबच नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला काही नव्हतं, म्हणून बायका एकमेकींना जामीन राहिल्या. स्वयंपाक त्यांना येतच होता, गिऱ्हाईकही होतं. नव्हतं ते भांडवल, आणि आपण धंदा करतो ही जाणीव. पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार गावी गेले आणि कित्येक खानावळी ओस पडल्या. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर सगळी चूल अवलंबून असली की काय होतं, तेही तिथेच दिसलं.

आता आपल्याकडे येऊ. पोळीचा भाव कसा काढता? बहुतेक जणी कणीक, तेल, गॅस धरतात आणि वर थोडे पैसे ठेवतात. आम्ही घड्याळ लावून बसलो. चौघी जणी, दोनशे पोळ्या, मळण्यापासून बांधण्यापर्यंत तीन तास. म्हणजे बारा तासांची मजुरी. तिला दोनशेने भागा आणि तो आकडा प्रत्येक पोळीत घाला. शिवाय भांडी घासणं, दळण आणणं, डबे पोचवणं. भाव वाढवला तेव्हा काही गिऱ्हाइकं म्हणाली, "अहो, घरचीच तर पोळी आहे!" घरची म्हणूनच तर ती आजवर फुकट होती.

उधारीबद्दल एक कायद्याची गोष्ट सांगते, ती मात्र वहीत लिहून घ्या. एका कार्यालयाने आमचं जेवणाचं बिल चार महिने अडकवून ठेवलं होतं. दर वेळी उत्तर एकच, "साहेब रजेवर आहेत." सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. नोंदणी केलेल्या उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट. 'उद्यम' नोंदणी फुकट होते, कोणा एजंटला पैसे देऊ नका. आम्ही नोंदणी क्रमांक बिलावर छापला, कलम नमूद करून पत्र दिलं. साहेब रजेवरून परत आले.

पण सगळंच कायद्याने सुटत नाही. दोन दिवाळ्यांपूर्वी एका सोसायटीतून फराळाची मोठी ऑर्डर आली. फोनवर होती आमची एक बौद्ध मैत्रीण. चकली तिच्या हातची, तशी आमच्यात कोणालाच जमत नाही. पलीकडून विचारणा झाली, "करणाऱ्या कोण असतात हो तुमच्याकडे? सणाचं आहे ना, म्हणून विचारते." हिने नावानिशी सांगितलं. दोन दिवसांनी निरोप आला की ऑर्डर पक्की आहे, फक्त चकली दुसऱ्या कोणी करावी.

रात्री दहापर्यंत आमची बैठक चालली. दोघी म्हणाल्या, या वेळेपुरतं तिला पॅकिंगला बसवू. त्या वाईट नाहीत, एकीच्या डोक्यावर मुलीच्या फीचं कर्ज होतं. ती मैत्रीण एवढंच म्हणाली, "बसते मी पॅकिंगला. पण मग हिशोबाची वहीही दुसरीला द्या. जिच्या हातची चकली चालत नाही, तिच्या हातचे पैसे कसे चालतात?"

आम्ही ऑर्डर नाकारली. त्या दिवाळीत प्रत्येकीचा वाटा कमी आला. त्या सोसायटीने पुन्हा फोन केलेला नाही, दुसरी मोठी ऑर्डरही धावून आली नाही. हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की तत्त्व पाळलं की लगेच लक्ष्मी येते. कर्ज असलेल्या मैत्रिणीला मात्र आम्ही गटाच्या बचतीतून उचल दिली, कारण नुकसान सगळ्यांचं आणि झळ एकीला, असं चालणार नव्हतं.

आता नेतृत्व. कितीतरी गटांत बँक, फोन, गिऱ्हाईक सगळं एकाच ताईंच्या हातात असतं. ताई हुशार असतात, पण त्या आजारी पडल्या की गट आजारी पडतो. लिज्जतची सुरुवात १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन केली. तिथे पापड लाटणारी बहीण ही नोकर नव्हे, भागीदार. सुरुवातीला त्या स्वस्तातले हलके पापडही करत. छगनलाल पारेख यांनी त्यांना सांगितलं की माल एकाच उत्तम प्रतीचा ठेवा आणि हिशोब चोख ठेवा. मला यात हिशोब जास्त महत्त्वाचा वाटतो. वही उघडी असली की अध्यक्षीणबाईंची भीती आपोआप कमी होते.

आमच्याकडे फोन आणि वही दर तीन महिन्यांनी हात बदलतात. गिऱ्हाइकं कुरकुरतात, "त्या आधीच्या ताईंशीच बोलायचंय." पहिल्या आठवड्यात गोंधळही होतो. पण ज्या मैत्रिणीला फोनवर 'हॅलो'च्या पुढे बोलता येत नव्हतं, तिने गेल्या महिन्यात भाव कमी करायला आलेल्या लग्नाच्या कंत्राटदाराला तीन तासांचं गणित तोंडपाठ ऐकवलं.

भाव काढायची वही मी बरोबर आणली आहे. चहाच्या सुट्टीत बघा, उतरवून घ्या. ज्यांना आकडेमोड येत नाही त्यांनी आधी या.