लेकराचे दुखणे व आपले कर्तव्य
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हेत. जन्मभर मुले शिकविलेले एक साधे निवृत्त शिक्षक आहोत. आमच्या हातून घरीच एक चूक घडली, ती आपणांपुढे मांडावी एवढाच आजचा हेतू.

आमची नात नऊ वर्षांची असता तिचे पोट वारंवार दुखू लागले. बेंबीच्या वर कळ येई, ती पाठीपर्यंत जाई, आणि पोर गुडघे पोटाशी घेऊन वाकून बसे. कोणी जंत म्हणाले, कोणी पित्त. आम्ही तर, परीक्षेच्या दिवशीची पोटदुखी पुष्कळ पाहिलेली असल्यामुळे, "हा शाळा चुकविण्याचा बहाणा," असा निर्णय देऊन मोकळे झालो! या निर्णयात वर्ष गेले.

अखेर एका रात्री वांत्या थांबेनात, तेव्हा रुग्णालय गाठले. रक्ताच्या तपासणीत लायपेज वाढलेले आढळले; सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या नलिकेत खडे दिसले. जठराच्या मागे असलेले हे इंद्रिय अन्न पचविणारा रस व इन्सुलिन निर्माण करते. त्याला जुनाट सूज आली होती. डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेचे मुख रुंद केले, आत बारीक नळी बसविली. मोठे खडे बाहेरून ध्वनिलहरींचे आघात देऊन फोडले. झालेली हानी भरून येत नाही, परंतु वेदना आवरता येतात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

आप्तांनी विचारले, "घरात कोणी मद्य घेते काय?" मोठ्यांत मद्य हे या रोगाचे एक प्रमुख कारण खरे, मुलांत मात्र पुष्कळदा जनुकातील दोष आढळतो. आमच्या नातीत 'स्पिंक-१' या जनुकात तो निघाला. त्यात त्या बालिकेचा काय अपराध?

पुढे खरी कसोटी आली. जेवणाबरोबर घ्यावयाच्या पाचक कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात, असे कळले. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. आम्ही दोन दिवस विचारात पडलो. तेव्हा पंचाऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्री म्हणाल्या, "लेकराच्या अंगी अन्न लागत नाही, आणि तू सोवळे मोजतोस? औषधाला कसला विटाळ?" आम्ही निरुत्तर झालो. त्याच रात्री पहिल्या घासाबरोबर पोरीने कॅप्सूल घेतली. काही महिन्यांत तिचे वजन वाढले, आणि ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. पुढे मधुमेह होण्याचा संभव असल्यामुळे रक्तातील साखर मात्र नियमित पाहावी लागते; नळीही वेळोवेळी बदलावी लागली.

"हे बाहेर बोलू नका, उद्या मुलीचे लग्न जमावयाचे आहे," असा सल्ला आम्हांस काही हितचिंतकांनी दिला. म्हणूनच आम्ही येथे बोलत आहोत. दुखणे झाकल्याने उपचार लांबतो. सोयरीक झाकून जुळविली तर ती टिकेल कशी?

बंधुभगिनींनो, मूल पुन्हा पुन्हा पोट धरून बसले, तर त्यास खोटे ठरविण्यापूर्वी डॉक्टरांस दाखवा. संस्थेने विद्यार्थिसाहाय्याबरोबर आजारी मुलांसाठीही निधी उभारावा. आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून पहिला वाटा देत आहोत. नातीची क्षमा आम्ही मागितली. ती हसून म्हणाली, "आजोबा, आता तरी खरे वाटले ना?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याची पाळी आपणांपैकी कोणावर न येवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.