'रेस्टोरेशन' : एका लढाऊ जहाजाची कथा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मराठी आरमाराविषयी बोलताना आपण कान्होजी आंग्र्यांच्या पराक्रमापाशी थांबतो. आज आम्ही एका जहाजाच्या निमित्ताने थोडे पुढे जाणार आहोत.

'रेस्टोरेशन' हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमारातील शिडांचे लढाऊ जहाज. तुळाजी आंग्र्यांच्या पारिपत्यासाठी ते सज्ज झाले. परंतु १७४९च्या सुमारास तुळाजींनीच ते जिंकून घेतले. आंग्र्यांच्या गुराबांना पाणी थोडे लागे, आणि वारा पडला की वल्ह्यांची गलबते त्यांना ओढून नेत. मोठे जहाज जागीच खिळले की गुराबा त्याच्या पिछाडीवर तोफा डागीत आणि मग माणसे त्यावर चढत.

तुळाजी पेशव्यांना जुमानीत नसत, त्यांच्या मुलखासही उपद्रव देत. म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. एप्रिल १७५५मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले; जमिनीवर पेशव्यांची फौज होती. तुळाजी त्या वेळी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करण्यास गेले होते. किल्ल्याच्या आश्रयाला आंग्र्यांची जहाजे एकमेकांना खेटून उभी होती. १२ फेब्रुवारीस एक तोफगोळा 'रेस्टोरेशन'वर पडला. ते पेटले, त्याची आग शेजारच्या जहाजांना लागली आणि सारे आरमार जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. तेथे मिळालेली सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांना तीतून काही मिळाले नाही.

आता या कथेचा आपल्या या नगराशी असलेला संबंध पाहू. विजयदुर्ग जिंकणारे वॉटसनचे आरमार तेथून पूर्वकिनाऱ्यावर आले. १६ ऑक्टोबर १७५६ रोजी ते मद्रासहून क्लाइव्हसह बंगालकडे निघाले. १७५७च्या जानेवारीत कलकत्ता आणि जूनमध्ये प्लासी! कोकणच्या खाडीत ज्यांना वाट मोकळी झाली, त्यांचा पुढचा मुक्काम हा असा आपल्या दारातच होता.

तुळाजींना आवरणे पेशव्यांना आवश्यक वाटले असेल. परंतु घरचा तंटा मिटविण्यास परक्याच्या तोफा आणल्या आणि तंट्याबरोबर आरमारही गेले. आज आपण मुलांना घेऊन मरीनावर फिरावयास जातो, सेंट जॉर्ज किल्ला दाखवितो. त्या वेळी त्यांना विजयदुर्गाचीही ही हकीकत सांगावी, एवढीच आमची विनंती आहे. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांना ती अधिक कळेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.