भिंग बसविल्यानंतर



डोळ्यांत कृत्रिम भिंग प्रथम बसविले ते हॅरोल्ड रिडले यांनी, १९४९ साली, लंडनमध्ये. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे काढली आणि ती गरिबाच्या आवाक्यात आली. पण भिंग बसले म्हणजे काम संपले, असे आम्ही मानीत नाही.

काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले की लोक म्हणतात, ‘मोतीबिंदू परत आला.’ तो परत येत नसतो. भिंगामागचा पातळ पडदा गढुळतो. लेसरने त्यात काही मिनिटांत वाट करता येते. त्याला भिऊ नये.

भ्यावे ते दुसऱ्याला. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत डोळा ठणकला, लाल झाला, नजर उतरली, तर आत जंतू शिरल्याचा संभव असतो. तेथे तासांचा हिशेब आहे. आणि नेमका तेव्हाच सांगलीच्या हळदपेठेतला हमाल वा साताऱ्याकडचा साखर कामगार ‘खाडा पडेल’ म्हणून दुखणे अंगावर काढतो. बुडालेला रोज पुन्हा कमावता येतो. गेलेला डोळा नाही.

म्हणून आमची मागणी एवढीच: शस्त्रक्रियेच्या रजेबरोबर पुढील तपासणीची रजाही पगारी असावी.