सुलूचा आवाज आणि साखरखेर्ड्याचे मत



चित्रपटांविषयी वर्तमानपत्रांतून जे अभिप्राय प्रसिद्ध होतात, ते लिहिणारांचा व्यासंग पूर्णपणे मान्य करूनही मला असे वाटते की, ज्या चित्रपटाचा विषयच मुळी रेडिओ हा आहे, त्याचा न्याय करण्याचा पहिला अधिकार रेडिओ ऐकणाऱ्या माणसांचा आहे. आणि अशी माणसे बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या साखरखेर्ड्यात, शेताच्या बांधावर, दुकानाच्या फळीवर आणि चुलीपाशी, आजही भेटतात. १७२४ साली याच गावाच्या शिवारात निजामुल्मुल्काने मुबारिजखानाच्या फौजेचा मोड केला आणि विजयाच्या स्मरणार्थ गावाला फत्तेखेर्डा असे नाव दिले. परंतु दफ्तरातल्या त्या नावाला रयतेने थारा दिला नाही आणि गाव साखरखेर्डाच राहिले. वरून आलेला निकाल येथे ऐकून घेतला जातो, पण तो कायम होतो तो लोकांच्या संमतीनेच.

चित्रपट आहे ‘तुम्हारी सुलू’. २०१७ च्या नोव्हेंबरात तो प्रदर्शित झाला. सुरेश त्रिवेणी या दिग्दर्शकाचा तो पहिलाच चित्रपट, आणि सुलूची भूमिका विद्या बालन यांची. विरारला राहणारी, बारावी नापास झालेली, नवरा आणि एक मुलगा असा बेताचा संसार करणारी सुलोचना, कधी लिंबू-चमच्याच्या शर्यतीत तर कधी रेडिओवरच्या स्पर्धेत भाग घेते. स्पर्धेतले बक्षीस आणण्यासाठी म्हणून रेडिओ केंद्रावर जाते, तेथे निवेदकांच्या निवडीची जाहिरात पाहते आणि ‘हे मला जमेल’ या एकाच विश्वासाच्या बळावर रात्रीच्या कार्यक्रमाची निवेदिका होते. मुंबईच्या खऱ्याखुऱ्या रेडिओवरील लोकप्रिय निवेदिका मलिष्का यांनीही त्यात एका निवेदिकेचेच काम केले आहे.

हा चित्रपट आमच्या आळीत एका ओसरीवर दहा-बारा माणसांनी एकत्र बसून पाहिला आणि त्यानंतर जी चर्चा झाली, ती चित्रपटाइतकीच श्रवणीय होती. पहिला आक्षेप निघाला तो एका वयोवृद्ध, सेवानिवृत्त गृहस्थांकडून. त्यांचे म्हणणे असे की, रात्रीच्या वेळी परपुरुषांनी फोन करावेत आणि घरंदाज बाईने त्यांच्याशी मृदू आवाजात बोलावे, हा प्रकार करमणुकीचा झाला तरी प्रतिष्ठेचा नव्हे. हे मत त्यांनी रागाने नव्हे, चिंतेने मांडले, आणि म्हणूनच ते कोणी हसण्यावारी नेले नाही.

त्याला उत्तर दिले ते भिंतीला टेकून बसलेल्या स्त्रियांनी. सुलूला फोन करणारांत काही एकाकी असतात, काही आंबटशौकी असतात. आणि एखादा जेव्हा मर्यादा सोडून बोलू लागतो, तेव्हा ही बाई त्याला झिडकारीत नाही किंवा उपदेशही करीत नाही, तर भाजी निवडता निवडता शेजारणीशी बोलावे अशा स्वरात त्याला हळूहळू माणसात आणते. त्या आवाजात लाडिकपणा आहे, पण हलकेपणा नाही; आणि हे अंतर ओळखायला विद्वत्ता लागत नाही, संसार केलेला असावा लागतो. स्त्रियांचे हे निरीक्षण मला समीक्षेच्या दृष्टीने फार मोलाचे वाटले.

श्रोतेहो, माझा स्वतःचा या माध्यमाशी जो अल्प परिचय आहे, त्यावरून मी सांगतो की सुलूची ही किमया सोपी नाही. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भिंती आवाज गिळून टाकतात. समोर वीतभर अंतरावर ध्वनिक्षेपक असतो. संहितेची पाने सुटी ठेवावी लागतात, कारण टाचलेला कागद उलटताना होणारी सळसळही घरोघर ऐकू जाते. आणि लाल दिवा लागला की समोर एकही चेहरा नसताना चेहरा असल्यासारखे बोलावे लागते. तेथे मोठा आवाज कामाचा नसतो. एका माणसाशी बोलतो आहोत ही श्रद्धा ज्याला ठेवता येते, त्याचेच बोलणे हजारो घरांत पोहोचते. मुंबई आकाशवाणीवरील ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिकामाला ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत या तीन आवाजांना महाराष्ट्राने आपल्या घरातली माणसे मानले, कारण प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर या कलावंतांनी सभेला उद्देशून नव्हे, तर घरात बसल्यासारखे बोलण्याचे व्रत पाळले होते. सुलू त्याच घराण्यातली आहे, असे मी मानतो.

चर्चेत ‘लगे रहो मुन्नाभाई’ची आठवण निघणे स्वाभाविक होते. २००६ सालच्या त्या चित्रपटातही विद्या बालन निवेदिकाच होत्या. दिग्दर्शक राजकुमार हिरानी आपल्या नागपूरचे. आणि गांधीजींच्या भूमिकेसाठी दिलीप प्रभावळकर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वडीलधाऱ्यांचा कल त्या चित्रपटाकडे अधिक, आणि त्याची थोरवी निर्विवाद आहे. परंतु त्यात रेडिओ लोकांना मार्ग दाखवतो, तर सुलूच्या चित्रपटात रेडिओ लोकांचे ऐकून घेतो. आणि या दुसऱ्या कामाची आपल्याकडे उपेक्षा झाली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तरार्धाविषयी मात्र सर्वांची तक्रार एकच होती, आणि ती मला रास्त वाटते. पूर्वार्धात जो चित्रपट पावलापावलाने, हसत हसत चालतो, तो पुढे एकाएकी संकटांची रास रचतो: नवऱ्याच्या नोकरीत अपमान, थोरल्या बहिणींचे टोमणे, मुलाच्या शाळेतली तक्रार, त्याचे घर सोडून जाणे, आणि या साऱ्याचा बोजा सुलूच्या रात्रपाळीवर टाकून तिला राजीनामा द्यायला लावतो. मूल बिघडले की बाईची नोकरी गुन्हेगार ठरते, हा आपल्या समाजातला जुना दाखला आहे खरा. पण दिग्दर्शकाने तो इतक्या घाईने मांडला आहे की, नवऱ्याच्या मनातला मत्सर आणि माया, ही दोन्ही मानव कौल यांनी सुरेख दाखवूनही, प्रेक्षकाला तपशीलवार समजत नाहीत.

याच ठिकाणी, दिवसभर कपाशीची वेचणी करून आलेली आणि कमरेची ओटी सोडून नुकतीच टेकलेली एक बाई, सुलू राजीनामा देते तो प्रसंग चालू असतानाच, बोलून गेली, “तिले काऊन घरात बसवता? नवऱ्यानं पाहावं ना घरचं, अन् तिनं बोलावं!” वेचणीच्या दिवसांत मोबाइलवरचा रेडिओ लावून तासामागून तास पात धरणारी ही बाई, आवाजाची सोबत काय असते हे तिला ठाऊक. आणि चित्रपटाचा शेवटही तिच्याच बोलण्याप्रमाणे झाला: रेडिओ केंद्राला जेवणाचे डबे पुरवण्याचे काम सुलू मिळवते, तो व्यवसाय नवरा सांभाळतो आणि ती आपल्या कार्यक्रमाकडे परत जाते. तो शेवट अनेकांना सोयीस्कर वाटला असेल. आमच्या ओसरीवर तो न्याय्य ठरला, आणि माझाही कौल तोच आहे.

ऐकणाऱ्याचे मत ही रेडिओच्या कारभारातली गौण बाब कधीच नव्हती. १९५६ साली, आपला जिल्हा अजून जुन्या मध्यप्रदेशात होता तेव्हा, मुंबई राज्यातल्या पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतेमंडळे स्थापन झाली होती. आठवड्यातून दोनदा लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका व निर्णय केंद्राकडे लिहून पाठवत. केंद्र त्यांना उत्तरे देत असे. ‘युनेस्को’च्या साहाय्याने झालेल्या त्या प्रयोगाची दखल परदेशांतही घेतली गेली.

तेव्हा श्रोतेहो, माझी आपणांस विनंती आहे. हा चित्रपट पाहिला नसेल तर घरातल्या सर्वांसह पाहा, पाहताना बायाबापड्या काय म्हणतात तिकडे कान द्या, आणि त्यांचे मत, आवडले ते आणि खटकले तेही, एका पोस्टकार्डावर लिहून आकाशवाणीच्या आपल्या केंद्राकडे अवश्य पाठवा.