विकणारे अनेक, तार एक



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. घरची वीज कोणाकडून घ्यावी, हा प्रश्न परभणी जिल्ह्यातील माणसाला पडतोच कोठे? गंगाखेड असो की सेलू, पूर्णा असो की पाथरी, बिल येते ते महावितरणचेच. २००५ च्या जूनपर्यंत ते राज्य वीज मंडळाच्या नावाने येत असे. मंडळाचे विभाजन झाले आणि नाव बदलले, इतकेच. ज्या गावात दुकान एकच, तेथे दुकान निवडण्याच्या गोष्टी कशाला, असे कोणी विचारले तर त्याला आम्ही दोष देणार नाही.

परंतु हा प्रश्न आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊ घातला आहे. २००३ च्या वीज कायद्याने एकाच भागात दुसऱ्या कंपनीला परवाना देण्याची वाट मोकळी केली. मात्र तिने स्वतःच्या तारा टाकाव्यात, अशी अट ठेवली. दुसऱ्याच्या तारांवरून वीज विकण्याची मोकळीक देणारे विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्या लोकसभेबरोबर ते २०२४ साली संपुष्टात आले, तरी त्यामागचा विचार संपला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्याच दिशेचा नवा मसुदा लोकांपुढे ठेवला. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये खाजगी कंपनीला समांतर परवाना देण्याच्या विरोधात वीज कर्मचारी संपावर गेले होते, हे आपणांस स्मरत असेल. निवड उद्या दारात येऊन उभी राहील, तेव्हा विचार करायला उसंत मिळणार नाही. तो आजच केलेला बरा.

प्रथम हे पाहू की, विजेचा व्यापार हा किराणा मालाच्या व्यापारासारखा आहे काय? एका दुकानातील डाळ आवडली नाही, तर आपण दुसऱ्या दुकानात जातो, डाळ बदलते. विजेचे तसे नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची कल्पना करा. समजा, त्या कालव्यात पाणी सोडणारे दोन मालक झाले आणि आपण दुसऱ्याशी करार केला. म्हणून आपल्या चारीला त्या दुसऱ्याचेच पाणी येईल काय? येईल ते मिसळलेलेच. फरक पडेल तो वहीत: कोणी किती सोडले, कोणी किती घेतले आणि कोणी कोणाचे देणे लागतो. विजेचेही असेच आहे. जिंतूर तालुक्यात येलदरीला साडेबावीस मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे, शेजारी परळीला कोळशावरचे आहे. तेथली आणि दूरदूरची वीज एकाच जाळ्यात पडते आणि त्या जाळ्यातून आपल्या घरी येते. पुरवठादार बदलला म्हणजे हिशेबाची वही बदलते, दिव्यातली वीज बदलत नाही.

यातून एक मोठी गोष्ट निघते. आपली गाऱ्हाणी आठवून पाहा. वळिवाच्या पहिल्याच वाऱ्याला तार तुटते. डी.पी. जळते आणि नवी येईपर्यंत गल्ली अंधारात राहते. दाब इतका कमी होतो की, पंखा फिरतो पण वारा लागत नाही. ही सारी गाऱ्हाणी तारांची आहेत, आणि तारा तर एकाच मालकाच्या राहणार. तेव्हा नवा विक्रेता आला की जळलेली डी.पी. आपोआप बदलेल, असा समज कोणी करून घेऊ नये.

हे आम्ही कल्पनेने सांगत नाही. आपल्याच राज्यात, मुंबईच्या उपनगरांत, हा प्रयोग झालेला आहे. तेथे तारा रिलायन्सच्या होत्या. २०१८ पासून त्या अदानींच्या झाल्या. टाटा कंपनीला किरकोळ ग्राहकांनाही वीज विकता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिला, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने दुसऱ्याच्या तारांवरून पुरवठा बदलण्याची रीत घालून दिली. टाटांचा दर कमी होता. लोक तिकडे वळले. यात वावगे काही नव्हते. पण वीज टाटांची घेतली तरी तारांचे भाडे, म्हणजे वहन आकार, तारांच्या मालकाला द्यावाच लागे. शिवाय त्यावर अधिभार बसू लागला.

हा अधिभार कशासाठी? याचे उत्तर समजले की सारा प्रश्न समजला. आपल्या दरांची रचना अशी आहे की, महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापरणाऱ्या घराला कमी दर, आणि पाचशेच्या वर जाणाऱ्याला चढा दर. मोठा ग्राहक स्वतःच्या खर्चाहून थोडे अधिक देतो, म्हणून लहान्याला परवडते. असा मोठा ग्राहक उठून गेला, तर त्याच्या वाटचा भार मागे राहिलेल्यांवर पडतो. मुंबईत हाच प्रश्न उभा राहिला. म्हणून ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगाने अशी अदलाबदल काही काळ दरमहा ३०० युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांपुरती मर्यादित केली.

आता हे चित्र आपल्या जिल्ह्यावर ठेवून पाहा. परभणी शहरातील पेठांत आणि वसाहतींत वापर अधिक, वसुली सोपी, तारांची लांबी कमी. जिंतूरच्या डोंगराकडेच्या तांड्यावर घरे वीस-पंचवीस आणि तार मैलभर. नवा व्यापारी कोठे येईल? जिथे साय आहे तेथे. ताक मात्र जुन्या कंपनीच्या पदरात राहील, आणि त्या ताकाचे दाम तांड्यावरच्या घरांनी भरायचे. आपण शहरातले लोक ती साय आहोत. म्हणून या बाबतीत आपल्याला केवळ स्वतःपुरते बोलून चालणार नाही. आज आपल्या घरात जो दिवा आहे, तोही कधीकाळी मोठ्या शहरांतल्या ग्राहकांचे आणि आपले गाठोडे एकत्र बांधले गेले म्हणूनच लवकर लागला.

मग चढाओढ वाईटच काय? तसे आमचे म्हणणे नाही. एकट्या दुकानदाराला गिऱ्हाइकाची पर्वा राहत नाही, हे सत्य आहे. भारनियमनाची वर्षे मराठवाडा विसरलेला नाही. गिऱ्हाईक उठून जाऊ शकते ही भीती असली, की खिडकीवरची भाषाही मऊ होते. पण भीती ग्राहकाच्या बाजूलाही असते. अमेरिकेतील टेक्सास प्रांताच्या बहुतेक भागांत २००२ पासून घरगुती ग्राहकाला पुरवठादार निवडता येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथे भयंकर थंडी पडली आणि घाऊक बाजारात विजेचा भाव युनिटला नऊ डॉलरपर्यंत चढला. ज्यांनी स्वस्त पडते म्हणून बाजारभावाने चालणारा करार केला होता, त्यांतील कित्येकांना थोड्या दिवसांचे बिल हजारो डॉलर आले. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी गॅसचे भाव भडकले आणि पंचवीसहून अधिक पुरवठा कंपन्या बुडाल्या. तेथे ग्राहकांचे दिवे विझले नाहीत, कारण नियामकाने त्यांना दुसऱ्या कंपन्यांच्या गळ्यात बांधले. पण त्याचा खर्च अखेरीस सर्वांच्याच बिलावर बसला.

आणखी एक घोटाळा टाळला पाहिजे. २०११ साली तेव्हाच्या औरंगाबाद शहराचे वितरण एका खाजगी कंपनीकडे ठेक्याने दिले होते. २०१४ साली ते महावितरणने परत घेतले. त्या दोन्ही वेळी ग्राहकाला कोणी विचारले नाही. ठेकेदार बदलणे आणि ग्राहकाने निवड करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा उद्या कोणी दारात येऊन स्वस्त विजेचा कागद पुढे केला, तर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. सांगितलेला दर नुसत्या विजेचा, की स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि अधिभार धरून? तो किती महिने टिकेल? तार तुटली तर हाक कोणाला मारायची? आणि तुमची कंपनी बुडाली तर आमचे काय? पाचवा प्रश्न आपण स्वतःला विचारावा: आम्ही गेल्यावर मागे कोण राहतो?

तोपर्यंत आपण अगदीच निरुपाय आहोत, असेही नाही. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावर तीन किलोवॅटची सौरयंत्रणा बसवल्यास ७८,००० रुपयांचे अनुदान ठरले. परभणीच्या उन्हाची तक्रार आपण जन्मभर करतो; ते उन्ह आता पुरवठादार होऊ शकते. अर्थात ज्याला सिमेंटचे छत आणि हाताशी भांडवल आहे, त्यालाच हे सोपे. पत्र्याच्या घराला तशी निवड नाही. पण एक साधन पत्र्याच्या घरालाही आहे: कायद्याने दिलेला ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. शिवाय दर ठरवण्याआधी आयोग जाहीर सुनावणी घेतो. तेथे सामान्य ग्राहकालाही हरकत घेता येते, लेखी देता येते, उभे राहून बोलता येते. तेथे कंपन्या वकील घेऊन जातात. आपल्या जिल्ह्यातून किती जण जातात, याचा विचार आपणच करावा.

आमचे सांगणे इतकेच की, ज्याला आपले बिल वाचता येत नाही, त्याला दहा पुरवठादार दिले तरी तो दहा ठिकाणी फसेल. आणि ज्याला ते वाचता येते, तो एकाच पुरवठादारालाही जाब विचारील. निवडीचा हक्क यायचा तेव्हा येवो. जाब विचारण्याचा हक्क आलेला आहे. आज घरी गेल्यावर गेल्या महिन्याचे बिल काढावे, मागची बाजूही पाहावी आणि प्रत्येक ओळीचा अर्थ घरातल्या मंडळींना सांगता येतो का, ते पाहावे. जी ओळ सांगता येणार नाही, तेथून आपले काम सुरू होते.