दोन बोटांवरचं विमान



हे विमान मी पंखाखाली फक्त दोन बोटांच्या टोकांवर तोललं आहे. पंख टोकापासून टोकापर्यंत १ मीटर, बॅटरीसकट वजन ७०० ग्रॅम. नाक किंचित खाली झुकलेलं पुढच्या रांगांना दिसत असेल. बोटं कुठे टेकली आहेत तेही पाहा: पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ सेंटिमीटर मागे. पंखाची रुंदी १८ सेंटिमीटर, म्हणजे पाव भागाच्या थोडं पलीकडे. विमान उडणार की पडणार, याचा बराचसा निकाल मैदानावर जाण्याआधी इथेच लागतो.

किटच्या खोक्यातून बाल्साच्या पातळ फळ्या निघतात, त्यांत लेझरने कापलेल्या फासळ्या असतात, आणि सोबत प्रत्यक्ष मापाचा नकाशा. बाल्सा दक्षिण अमेरिकेतला. आजही बराचसा इक्वेडोरमधून येतो. पाण्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकं हलकं लाकूड. नखाने दाबलं तर खूण उमटते, पण रेषांच्या दिशेने ते चांगलं ताठ असतं. नकाशा सपाट पाटावर पसरायचा, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक, म्हणजे लाकूड कागदाला चिकटत नाही. मग मुख्य दांडी टाचण्यांनी पक्की करायची आणि एकेक फासळी काटकोनात उभी करायची. इथे घाई करू नका, असं मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. पाट वाकडा असेल तर पंख पिळलेलाच वाळतो, आणि तो पीळ पुढे प्रत्येक उड्डाणात विमानाला एका बाजूला ओढत राहतो.

या पंखाची दोन्ही टोकं मध्यापेक्षा वर उचललेली आहेत. १८७१ साली अल्फोन्स पेनो या तरुणाने पॅरिसच्या तुइलरी बागेत पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान सोडलं. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. त्यात माणूस नव्हता, रेडिओ तर नव्हताच. उचललेली टोकं आणि मागे नेमक्या कोनात बसवलेली शेपटी, एवढ्यावर त्याने आपला तोल आपणच सांभाळला. एक पंख खाली गेला की विमान त्या बाजूला घसरतं. मग खालच्या पंखाला हवा जास्त कोनातून भिडते, त्याची उचल वाढते आणि विमान पुन्हा सरळ होतं. हे मला आजही विलक्षण वाटतं. दीडशे वर्षांनंतर आपल्या हातात ट्रान्समीटर आला, तरी नवशिक्याच्या विमानाला वाचवतो तो पेनोचाच विचार.

विजेवरचं, रेडिओने चालणारं विमान इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी १९५७ साली उडवलं. तेव्हाच्या मोटरी आणि बॅटऱ्या जड होत्या. आज या विमानातली तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी जेमतेम १२० ग्रॅमची आहे. इंधनाचं विमान उडता उडता हलकं होतं. बॅटरी उतरली तरी तिचं वजन तेवढंच राहतं. म्हणून टेबलावर साधलेला तोल शेवटपर्यंत टिकतो. आणि तो साधायचाही बॅटरीनेच: ती १ सेंटिमीटर पुढे सरकवली, की तोलबिंदू दीड-दोन मिलिमीटर पुढे येतो. मात्र उन्हाळ्यात ही बॅटरी बंद गाडीत ठेवू नका, चार्जिंगला लावून झोपू नका, आणि घरात मोटर तपासताना प्रोपेलर काढून ठेवा.

माझ्या पहिल्या विमानाच्या शेपटीला मी मजबुतीसाठी भरपूर डिंक आणि जाड पट्ट्या लावल्या होत्या. शेपटी तोलबिंदूपासून लांब, त्यामुळे तिथले १० ग्रॅम सावरायला नाकात ३० ग्रॅम घालावे लागतात. मी तोल मोजलाच नव्हता. हातातून सुटताच विमानाने नाक वर केलं. मी स्टिक पुढे ढकलली, तर ते खाली झेपावलं, आणि काही सेकंदांत तीन आठवड्यांचं काम शेतात विखुरलं. कितीतरी वर्षं मी माझ्या कच्च्या हातांना दोष देत होतो. चूक टेबलावर झाली होती.

हातांना शिकायचं असतंच. विमान आपल्याकडे येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि नवशिका इथेच गोंधळतो. एवढं लक्षात ठेवा: समोरून येताना ज्या बाजूचा पंख खाली दिसतो, त्याच बाजूला स्टिक न्या, जणू त्या पंखाखाली टेकू देताय.

वेळ सकाळची घ्या. ऊन चढलं की माळावरची तापलेली हवा वर उठते आणि हलकं विमान हेलकावतं. वाऱ्याच्या तोंडावर सोडा, चांगली उंची घेऊ द्या, मोटर अर्ध्यावर आणा आणि दोन्ही अंगठे स्टिकवरून उचला.

गेल्या हिवाळ्यात आठवीतल्या एका मुलीला मी हेच सांगितलं. तिचं बोटं उचलायचं धाडस होईना. शेवटी उचलली. विमान क्षणभर डावीकडे कललं, सावरलं आणि कापणी झालेल्या शिवारावरून सरळ जाऊ लागलं. "काका, ते आपलं आपण चाललंय!" ती ओरडली. मग सात मिनिटांचा टायमर वाजला, आणि तिला ते उतरवावं लागलं.